लॅपटॉपच्या कळफलकातील कळ निकामी झाल्यास : कारणे, तपासणी आणि उपाय

लॅपटॉपच्या कळफलकावर सुमारे ८० ते १०० कळा असतात. मात्र त्यांपैकी एकच कळ निकामी झाली तरी संपूर्ण यंत्राचे काम अडू शकते. ती कळ पासवर्डमधील अक्षराची असल्यास संगणकात प्रवेशच मिळत नाही. परीक्षेचा अर्ज किंवा बँकेचा व्यवहार अर्ध्यावर राहतो, आणि चुकीचा पासवर्ड वारंवार टाकला गेल्याने खाते काही काळासाठी बंद होण्याचीही शक्यता असते. अशा वेळी संपूर्ण कळफलक बदलण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. प्रत्यक्षात हा बिघाड कधी केवळ एका सेटिंगचा, कधी धुळीच्या कणाचा, तर कधी खरोखरच आतील मंडलाचा असतो. यांतील नेमके कारण कोणते, हे क्रमाक्रमाने तपासल्यास अनावश्यक खर्च टळतो आणि यंत्राची हानीही होत नाही.

कळफलकाची रचना

बहुतेक लॅपटॉपमधील कळ चार भागांची असते. सर्वांत वर अक्षर छापलेली टोपी, तिच्याखाली कात्रीच्या आकाराची प्लास्टिकची दुहेरी चौकट, मध्यभागी रबराचा लहान घुमट आणि तळाशी पातळ पटलांचा थर. कात्रीसारख्या चौकटीमुळे टोपी कोणत्याही कोपऱ्यावर दाबली तरी सरळ खाली जाते. रबराचा घुमट तिला पुन्हा वर उचलतो. तळाच्या तीन पटलांपैकी वरच्या आणि खालच्या पटलांवर वीजवाहक शाईच्या रेषा छापलेल्या असतात, तर मधल्या पटलाला प्रत्येक कळेच्या जागी छिद्र असते. कळ दाबली की या छिद्रातून दोन्ही रेषा एकमेकींना टेकतात आणि मंडल पूर्ण होते.

प्रत्येक कळेसाठी स्वतंत्र तार नसते. सर्व कळा आडव्या आणि उभ्या रेषांच्या जाळ्यात बसविलेल्या असतात. नियंत्रक चिप या रेषा क्रमाने तपासत राहते आणि कोणती आडवी रेषा कोणत्या उभ्या रेषेला जोडली गेली, यावरून दाबलेली कळ ओळखते. ही रचना लक्षात घेतल्यास बिघाडाचा शोध सोपा होतो. एकच कळ बंद असेल, तर दोष बहुधा त्या कळेपुरता मर्यादित असतो. परस्परांपासून दूर असलेल्या चार-पाच कळा एकाच वेळी बंद पडल्या असतील, तर त्यांना जोडणारी एखादी रेषा तुटली असण्याची किंवा मदरबोर्डकडे जाणारी चपटी केबल सैल झाली असण्याची शक्यता अधिक असते. अशा वेळी वरून कितीही साफसफाई केली तरी उपयोग होत नाही.

बिघाडाचे स्वरूप ओळखणे

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी कळ नेमकी कशी वागते, हे पाहणे आवश्यक ठरते. कळ दबते पण अक्षर उमटत नाही, जोर दिल्यावरच उमटते, एकदा दाबली असता दोनदा उमटते, दाबल्यावर खालीच अडकून राहते, अथवा दुसरेच अक्षर उमटते, असे हे प्रमुख प्रकार आहेत. जोर दिल्यावर उमटणारे अक्षर बहुधा धूळ अथवा झिजलेला घुमट दर्शविते. अडकून राहणारी कळ सांडलेल्या गोड पेयाकडे किंवा निसटलेल्या चौकटीकडे बोट दाखविते. दुसरेच अक्षर उमटत असेल, तर दोष यंत्रात नसून सेटिंगमध्ये असण्याची शक्यता सर्वाधिक असते.

एकाच दाबाने दोनदा अक्षर उमटण्यामागे संपर्काची अस्थिरता असते. दोन पृष्ठभाग टेकताना काही सहस्रांश सेकंद संपर्क जुळतो आणि तुटतो. ही थरथर नियंत्रक सामान्यतः दुर्लक्षित करतो. परंतु संपर्क मळलेला किंवा झिजलेला असल्यास ती लांबते आणि एका दाबाची नोंद दोन दाब म्हणून होते.

प्रथम सेटिंगची तपासणी

सर्वांत आधी संगणक पूर्णपणे बंद करून पुन्हा सुरू करावा. त्यानंतरही अडचण कायम राहिल्यास पुढील बाबी पाहाव्यात.

विंडोज प्रणालीत उजवीकडील शिफ्ट कळ सलग आठ सेकंद दाबून ठेवल्यास 'फिल्टर कीज' ही सोय सुरू करण्याची सूचना येते. हात थरथरणाऱ्या व्यक्तींसाठी असलेली ही सोय अनवधानाने सुरू झाल्यास झटपट दाबलेल्या कळांची नोंदच होत नाही आणि संपूर्ण कळफलक मंदावल्याचा भास होतो. शिफ्ट कळ लागोपाठ पाच वेळा दाबल्यास 'स्टिकी कीज' सुरू करण्याची सूचना येते. ही सोय सुरू असताना शिफ्ट, कंट्रोल यांसारख्या कळा सोडल्यानंतरही दाबलेल्या असल्यासारख्या वागू शकतात. या दोन्ही सोयी सुगम्यतेच्या सेटिंगमधून बंद करता येतात.

स्वतंत्र अंकपट्टी नसलेल्या काही, विशेषतः जुन्या, लॅपटॉपमध्ये अंकपट्टी अक्षरांवरच बसविलेली असते. 'नम लॉक' सुरू झाल्यास 'यू', 'आय', 'ओ' या कळांमधून ४, ५, ६ आणि 'जे', 'के', 'एल' या कळांमधून १, २, ३ असे अंक उमटू लागतात. कळफलक बिघडल्याची शंका येणाऱ्या अनेक प्रसंगी उपाय एवढाच असतो, की 'नम लॉक' बंद करावे. वरच्या ओळीतील एफ १ ते एफ १२ या कळा अपेक्षित काम करीत नसल्यास 'एफएन' कळेची कुलूपबंदी तपासावी.

मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही मांडण्या वापरणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. विंडोज कळ आणि स्पेसबार एकत्र दाबल्यास भाषेची मांडणी बदलते. पासवर्ड टाकताना अक्षरांऐवजी ठिपकेच दिसत असल्याने मांडणी बदलल्याचे लक्षात येत नाही. प्रवेशाच्या पडद्यावर कोपऱ्यात दिसणारी भाषेची खूण आधी पाहावी.

दोष यंत्रातील की प्रणालीतील?

हा निर्णय करण्यासाठी तीन सोप्या चाचण्या आहेत. पहिली, पडद्यावरील आभासी कळफलकाची. विंडोज १० आणि ११ मध्ये विंडोज, कंट्रोल आणि 'ओ' या कळा एकत्र दाबून तो उघडता येतो. ॲपलच्या मॅक प्रणालीत 'कीबोर्ड व्ह्यूअर' ही सोय आहे. प्रत्यक्ष कळ दाबली असता पडद्यावरील त्याच कळेचा रंग बदलतो. रंग न बदलल्यास संदेश पोहोचतच नाही, असे समजावे. एखादी कळ न दाबताच रंगलेली राहिल्यास ती आत अडकून बसली आहे.

दुसरी चाचणी बाहेरील कळफलकाची आहे. यूएसबी कळफलक जोडल्यावर तेच अक्षर व्यवस्थित उमटल्यास प्रणाली ठीक असून दोष लॅपटॉपच्या कळफलकात आहे, असा निष्कर्ष बहुतांशी काढता येतो. बाहेरील कळफलकावरही तीच अडचण आल्यास दोष सेटिंगमध्ये अथवा प्रणालीत शोधावा.

तिसरी चाचणी सर्वांत निर्णायक आहे. संगणक सुरू होताना उघडणारी बायॉस किंवा यूईएफआय ही प्राथमिक व्यवस्था विंडोजच्या आधी कार्यान्वित होते. निर्मात्यानुसार एफ २, एफ १०, डिलीट किंवा एस्केप या कळेने तीत प्रवेश मिळतो. बाण, एंटर यांसारख्या कळा तेथेही चालत नसतील, तर विंडोज पुन्हा बसवून काहीही साध्य होणार नाही. चाचणीनंतर कोणताही बदल न साठवता बाहेर पडावे. चुकीच्या बदलामुळे संगणक सुरू न होण्याचा किंवा कूटबद्ध डिस्कसाठी पुनर्प्राप्ती संकेतांक मागितला जाण्याचा धोका असतो.

दोष प्रणालीतील असल्याचे दिसून आल्यास 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये जाऊन कळफलकाचा ड्रायव्हर काढून टाकावा आणि संगणक पुन्हा सुरू करावा. विंडोज तो आपोआप पुन्हा बसविते. या प्रक्रियेपूर्वी यूएसबी कळफलक किंवा माउस हाताशी ठेवणे हिताचे असते.

कळांची स्वच्छता

धूळ, बिस्किटाचे कण, केस आणि हातांचा तेलकटपणा ही कळ अडकण्याची नित्याची कारणे आहेत. स्वच्छता करण्यापूर्वी लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा; बॅटरी सुटी होत असल्यास तीही काढावी. त्यानंतर यंत्र तिरपे धरून हलकेच थोपटावे आणि दाबयुक्त हवेच्या डब्याने कळांच्या फटींमध्ये थोडी थोडी हवा सोडावी. डबा उभा धरावा. तो उलटा झाल्यास हवेऐवजी अतिथंड द्रव बाहेर पडतो. तोंडाने फुंकर मारल्यास लाळेचे बारीक थेंब आत जातात, म्हणून ते टाळावे.

चिकट झालेल्या कळेसाठी ९० टक्के किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल उपयुक्त ठरते. ते लवकर उडून जाते आणि मागे अवशेष ठेवत नाही. कापसाची काडी किंचित ओलसर करून कळेच्या कडेने फिरवावी आणि कळ अनेक वेळा दाबावी. द्रव थेट कळफलकावर ओतू नये. अल्कोहोल ज्वलनशील असल्याने स्वयंपाकघरात अथवा देवघरातील समईजवळ हे काम करू नये. फरशी पुसण्याचे रसायन, रॉकेल किंवा नेलपेंट काढण्याचा द्रव वापरल्यास प्लास्टिक आणि त्यावरील अक्षरे खराब होतात.

टोपी काढण्याबाबत सावधगिरी

कळेची टोपी काढून आतील भाग स्वच्छ करता येतो. मात्र या टप्प्यावरच सर्वाधिक नुकसान होते. टोपी चौकटीला अतिशय बारीक खुंट्यांनी अडकविलेली असते आणि ती कोणत्या कडेने उचलावी, हे प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळे असते. खुंटी मोडल्यास टोपी पुन्हा बसत नाही. त्यामुळे आपल्या मॉडेलची माहिती पाहिल्यानंतरच पातळ प्लास्टिकच्या पट्टीने एक कोपरा हलकेच उचलावा. स्क्रू-ड्रायव्हर किंवा सुरी वापरू नये. स्पेसबार, एंटर आणि शिफ्ट या लांब कळांखाली तोल साधणारी धातूची तार असते. ती वाकल्यास कळ एका बाजूनेच दबू लागते. म्हणून या कळा अनुभव नसताना काढू नयेत.

आतील रबराचा घुमट फाटलेला किंवा सुटलेला आढळल्यास तसाच घुमट आणि चौकट मिळवून बसविता येतात. परंतु ते त्याच मॉडेलचे असणे गरजेचे आहे.

धुळीचा एक कण किती महागात पडू शकतो, याचे उदाहरण ॲपलच्या 'बटरफ्लाय' कळफलकाने घालून दिले. यंत्र अधिक सडपातळ करण्यासाठी कंपनीने २०१५ मध्ये मॅकबुकमध्ये कात्रीऐवजी फुलपाखराच्या पंखांसारखी चौकट आणली. कळ अडकणे, अक्षर दोनदा उमटणे अथवा न उमटणे अशा तक्रारी आल्यानंतर जून २०१८ मध्ये कंपनीने विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर केली. २०१९ च्या अखेरीस १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये कात्रीची रचना परत आली. अमेरिकेतील सामूहिक दाव्यात २०२२ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता ५ कोटी डॉलरच्या तडजोडीस संमती दिली.

चहा किंवा पाणी सांडल्यास

कळफलकावर द्रव सांडल्यानंतरची पहिली काही मिनिटे निर्णायक असतात. चार्जर तत्काळ काढावा आणि पॉवर बटण दाबून धरून संगणक बंद करावा. न साठविलेले काम वाचविण्यासाठी तो सुरू ठेवण्याचा मोह टाळावा, कारण पाण्यापेक्षा पाण्यातून वाहणारी वीज मंडलाचे अधिक नुकसान करते. बॅटरी सुटी होत असल्यास काढावी. लॅपटॉप उलटा करून तंबूप्रमाणे टेकवून ठेवावा, म्हणजे द्रव मदरबोर्डकडे न जाता बाहेर निथळतो.

यानंतर किमान २४ ते ४८ तास यंत्र सुरू करू नये. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा प्रचलित उपाय फारसा उपयोगी नाही. उलट तांदळाची पूड आणि दाणे फटींमध्ये शिरतात. केस वाळविण्याच्या यंत्राची गरम हवा प्लास्टिकची चौकट आणि पटले वाकवू शकते. पंख्याची साधी हवा पुरेशी असते. साध्या पाण्यापेक्षा साखर घातलेला चहा, सरबत किंवा शीतपेय अधिक घातक असते. पाणी उडून गेले तरी साखर मागे राहते, ती कळ चिकटविते आणि हवेतील ओलावा शोषून मंडलाची झीज चालू ठेवते. त्यामुळे गोड पेय सांडले असल्यास यंत्र वाळल्यावर चालू झाले तरीही ते तंत्रज्ञाकडून उघडून स्वच्छ करून घेणे शहाणपणाचे ठरते. किनारपट्टीवरील खारट हवा आणि पावसाळ्यातील दमटपणा हीच प्रक्रिया संथ गतीने घडवून आणतात.

बॅटरीकडे दुर्लक्ष नको

मध्यभागातील कळा एकाएकी कठीण लागू लागल्या, कळफलकाला फुगवटा आला, टचपॅड उचलला गेला अथवा झाकण नीट बंद होईनासे झाले, तर दोष कळेत नसून तिच्याखालील लिथियम-आयन बॅटरीत असू शकतो. बिघडलेल्या बॅटरीत वायू साठून ती फुगते आणि कळफलकाला खालून रेटते. अशा यंत्राचा वापर आणि चार्जिंग त्वरित थांबवावे. फुगलेला भाग दाबू नये, टोचू नये. बॅटरी फुटल्यास आग लागू शकते. ही बॅटरी घरातील कचऱ्यात न टाकता सेवा केंद्राकडे किंवा अधिकृत ई-कचरा संकलन केंद्राकडे सोपवावी.

मराठी टंकलेखनावर होणारा परिणाम

इनस्क्रिप्ट मांडणी वापरणाऱ्यांसाठी प्रत्येक कळेचे मोल वेगळे आहे. ही मांडणी १९८६ मध्ये तत्कालीन इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तयार केली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोच्या मानकात तिचा समावेश झाला. तीत स्वर आणि त्यांची चिन्हे डावीकडे, तर बहुसंख्य व्यंजने उजवीकडे आहेत. इंग्रजीच्या 'डी' कळेवर हलन्त, म्हणजेच पाय मोडण्याचे चिन्ह असते आणि शिफ्टसह तीच कळ 'अ' देते.

ही एक कळ बंद पडली, तर जोडाक्षरे लिहिणे जवळजवळ अशक्य होते. 'विद्यार्थी' हा शब्द 'विदयारथी' असा आणि 'महाराष्ट्र' हा शब्द 'महाराषटर' असा उमटतो. ज्ञ, त्र, क्ष आणि श्र ही जोडाक्षरे अनेक संगणकांवर शिफ्टसह अंकांच्या ओळीतून थेट मिळतात. उर्वरित बहुतेक जोडाक्षरांना पर्याय उरत नाही. हीच मांडणी गुजराती, बंगाली, तेलुगू, कन्नड यांसारख्या लिप्यांनाही समान तत्त्वाने लागू असल्याने तेथेही हीच कळ तेवढीच महत्त्वाची असते. अशा वेळी इनस्क्रिप्टऐवजी काही दिवस उच्चारानुसारी मांडणी वापरता येते. तीत रोमन अक्षरांतून जोडाक्षरे तयार होत असल्याने हलन्ताची वेगळी कळ लागत नाही. मात्र 'डी' कळेचे स्वतःचे द, ड हे वर्ण तेथेही अडतात.

दुरुस्ती होईपर्यंतची व्यवस्था

प्रवेशाच्या पडद्यावरच अडचण आल्यास तेथील सुगम्यतेच्या चिन्हावरून आभासी कळफलक उघडावा आणि माउसने पासवर्ड टाकावा. यूएसबी कळफलक हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा पर्याय आहे. एखादे काम क्वचितच लागणाऱ्या कळेकडे वळविणे हाही उपाय आहे. मायक्रोसॉफ्टच्या विनामूल्य 'पॉवरटॉइज' या साधनसंचातील 'कीबोर्ड मॅनेजर'द्वारे, उदाहरणार्थ, कॅप्स लॉकला निकामी कळेचे काम देता येते. मात्र हा बदल पॉवरटॉइज चालू असतानाच लागू राहतो. प्रवेशाच्या पडद्यावर तो उपयोगी पडत नाही. अक्षर दोनदा उमटत असल्यास विंडोजमधील 'बाउन्स कीज' ही सोय अल्पावधीतील दुसरा दाब दुर्लक्षित करते.

दुरुस्ती, खर्च आणि ग्राहकांचे हक्क

हमीचा कालावधी शिल्लक असल्यास यंत्र स्वतः उघडू नये. सर्वसाधारण हमीत निर्मितीतील दोषांचा समावेश असतो. द्रव सांडल्याने झालेले नुकसान त्यात बहुधा येत नाही. त्यासाठी अपघाती नुकसानीचे स्वतंत्र संरक्षण घेतलेले असावे लागते.

हमी संपली असल्यास दुरुस्तीपूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा, की या मॉडेलचा कळफलक सुटा बदलता येतो का? अनेक जुन्या लॅपटॉपमध्ये तो काही स्क्रू काढून बदलता येत असे. अलीकडच्या बऱ्याच सडपातळ यंत्रांत मात्र तो प्लास्टिकच्या वितळविलेल्या खुंट्यांनी वरच्या आवरणाला जोडलेला असतो आणि संपूर्ण आवरणच बदलावे लागते. त्यामुळे एका कळेचा खर्चही मोठा होतो. केवळ टोपी, घुमट किंवा केबल बदलून काम भागते का, हे विचारून लेखी अंदाज घ्यावा. यंत्र सोपविण्यापूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत काढावी आणि तंत्रज्ञाला नेहमीचा पासवर्ड देण्याऐवजी शक्य तेथे स्वतंत्र खाते तयार करून द्यावे.

दुरुस्तीच्या हक्काबाबत केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबर रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. हमीतील दोष नाकारला गेल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते. २०२० मध्ये लागू झालेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ग्राहकाला आपल्या निवासाच्या अथवा कामाच्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडेही दाद मागता येते. वस्तू अन्य शहरात घेतली असली तरी तेथे जाण्याची सक्ती नाही. ही तक्रार सर्वसाधारणपणे कारण उद्भवल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. म्हणून खरेदीची पावती आणि सेवा केंद्राने दिलेले कार्यपत्र जपून ठेवावे.

सारांश, कळ बिघडल्यावर आधी सेटिंग, मग बाहेरील कळफलक, त्यानंतर स्वच्छता आणि सर्वांत शेवटी यंत्र उघडणे, हा क्रम पाळावा. द्रव सांडलेला असल्यास किंवा बॅटरी फुगलेली असल्यास मात्र हा क्रम बाजूला ठेवून प्रथम वीज तोडावी. चहाचा कप लॅपटॉपच्या शेजारी न ठेवणे आणि आठवड्यातून एकदा कोरड्या मऊ ब्रशने कळांवरील धूळ झटकणे, एवढ्या दोन सवयींनीही यांतील बरेचसे बिघाड टाळता येतात.